जमाव मैदानात उतरला तेव्हा

१९८५ च्या मे महिन्यात इंग्लंडमधले फुटबॉल मैदान ही मरणाची जागा ठरली होती. ११ मे रोजी ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड मैदानावर, हंगामातल्या अखेरच्या सामन्यात, जुन्या लाकडी स्टँडखाली साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि काही मिनिटांत सगळा स्टँड धडधडू लागला. ५६ माणसे गेली. मागची बरीच दारे कुलूपबंद होती. पुढच्या बाजूला मात्र कुंपण नव्हते, म्हणून शेकडो लोक थेट हिरवळीवर उड्या मारून वाचले. त्याच दुपारी बर्मिंगहॅमला सामन्यातल्या दंगलीत भिंत कोसळून एक मुलगा दगावला. १८ दिवसांनी ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये युव्हेंटस आणि लिव्हरपूल यांच्यातला युरोपियन कपचा अंतिम सामना होता. तो सुरू होण्याआधी लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी शेजारच्या भागावर चाल केली, जीव घेऊन पळणाऱ्यांच्या रेट्याने भिंत ढासळली आणि ३९ जणांचा बळी गेला. त्यांतले बहुतेक इटालियन होते. चार दिवसांत युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांची दारे बंद केली. लंडनच्या एका प्रतिष्ठित रविवारच्या वृत्तपत्राने तर हा खेळ, त्याची मैदाने आणि त्याचे प्रेक्षक हे सारेच झोपडपट्टीचे ठरवून टाकले. चेल्सी क्लबच्या अध्यक्षांनी त्याच सुमारास मैदानाभोवतीच्या कुंपणात वीज सोडायची तयारी केली होती. तारा बसवूनही झाल्या होत्या, पण स्थानिक प्रशासनाने परवानगी दिली नाही, म्हणून त्यांत वीज खेळली नाही.

हेसेलनंतर दीड महिन्याने, १३ जुलै १९८५ ला, लंडनच्या वेम्बली स्टेडियमची दारे उघडली आणि ७२,००० माणसे आत आली. ती नुसती पायऱ्यांवर बसली नाहीत. ज्या हिरवळीवर प्रेक्षकाचे पाऊल पडणे फुटबॉलच्या दिवशी निषिद्ध असे, त्या हिरवळीवर ती हजारोंनी दिवसभर उभी राहिली. इथियोपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी भरलेली ती ‘लाइव्ह एड’ ही रॉक कॉन्सर्ट. तिच्याविषयी आजवर लिहिले गेले ते बहुधा तीन अंगांनी: कलावंतांचे पराक्रम, उपग्रहावरून जगभर गेलेले प्रक्षेपण, आणि जमलेल्या पैशांचे पुढे काय झाले हा वाद. पण त्या दिवशी वेम्बलीत असलेल्या माणसांनी पुढच्या ४० वर्षांत वृत्तपत्रांतून आणि माहितीपटांतून ज्या आठवणी सांगितल्या, त्या नीट ऐकल्या तर त्यांचा रोख वेगळा दिसतो. गायकापेक्षा शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचे वर्णन त्यांत अधिक येते. या आठवणी केवळ एका संगीत मैफलीच्या नाहीत. ज्या उन्हाळ्यात सारा देश गर्दीला घाबरत होता, त्या उन्हाळ्यात गर्दीवर विश्वास टाकल्यावर काय घडले, याची ती साक्ष आहे, असे या लेखात मांडायचे आहे.

ही साक्ष समजून घ्यायची तर वेम्बलीपासून सुरुवात करावी लागते. १९२३ साली हे मैदान उघडले ते गर्दीच्या गोष्टीनेच. इथे झालेल्या एफए कपच्या पहिल्याच अंतिम सामन्याला मोजलेली संख्या सव्वा लाखाच्या वर होती आणि भिंती चढून आत आलेल्यांसह ती दोन लाखांपर्यंत गेली असावी, असा अंदाज होता. लोक थेट हिरवळीवर सांडले. त्यांना हटवायला पोलिसांचे घोडे आले आणि त्यांतला बिली नावाचा पांढुरका घोडा छायाचित्रांमुळे इतका गाजला की तो सामना ‘पांढऱ्या घोड्याचा सामना’ म्हणूनच ओळखला जातो. राजा पंचम जॉर्ज हजर होता, सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला, पण मोठा अनर्थ झाला नाही. चार वर्षांनी, १९२७ मध्ये, अंतिम सामन्याआधी सगळ्या स्टेडियमने मिळून एक प्रार्थनागीत म्हणण्याची प्रथा सुरू झाली आणि ती टिकली. म्हणजे एक लाख अनोळखी माणसांनी एका सुरात गाणे ही वेम्बलीची रीत रॉक संगीताच्या जन्माआधीची आहे. आपल्याकडे आरतीत गाणारा आणि ऐकणारा असा भेद उरत नाही. आवाज कसाही असो, टाळी चुकली तरी चालते, पण तोंड मिटून उभे राहणे बरे दिसत नाही. इंग्लंडमध्ये चर्चमधली गर्दी ओसरत गेली तसा सामुदायिक गाण्याचा हा संस्कार मोठ्या प्रमाणात फुटबॉलच्या पायऱ्यांवर जिवंत राहिला. १९६३ पासून लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे एका अमेरिकन संगीतिकेतले गाणे आपलेसे केले, ते याच संस्कारातून.

ब्रॅडफर्डच्या आगीनंतर हेच गाणे मदतनिधीसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. अनेक गायक-वादक एकत्र आले आणि त्यांनी आपल्या समूहाला नाव दिले ‘द क्राउड’, म्हणजे जमाव. जून १९८५ मध्ये, हेसेलच्या बातम्या ताज्या असताना, हे गाणे ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर होते. एकीकडे वृत्तपत्रे ‘जमाव’ हा शब्द शिवीसारखा वापरत होती आणि दुसरीकडे त्याच नावाचा समूह फुटबॉलच्याच गाण्याने जळितग्रस्तांसाठी पैसे उभे करत होता. लाइव्ह एड या वातावरणात झाली. तिचा विचार करताना मे आणि जून विसरून चालत नाही.

प्रत्यक्ष निमित्त दूरच्या देशातले होते. २३ ऑक्टोबर १९८४ च्या संध्याकाळी बीबीसीच्या बातम्यांत मायकेल बर्क यांचा उत्तर इथियोपियातल्या कोरेम इथला वृत्तान्त दाखवला गेला. चित्रण केनियाचे कॅमेरामन मोहम्मद अमीन यांचे होते. पहाटेच्या धुक्यात बसलेली हजारो हाडकुळी माणसे आणि कापडात गुंडाळून ओळीने ठेवलेली प्रेते पाहून ब्रिटन हादरले. पाहणाऱ्यांत ‘बूमटाउन रॅट्स’ या बँडचा आयरिश गायक बॉब गेल्डॉफ होता. त्याची स्वतःची लोकप्रियता तेव्हा उतरणीला लागली होती. ‘अल्ट्राव्हॉक्स’च्या मिज युरबरोबर त्याने एक गाणे रचले आणि २५ नोव्हेंबरला लंडनमध्ये नामवंत गायक एकत्र बोलावून ते ध्वनिमुद्रित केले. ‘बँड एड’ची ही तबकडी त्या नाताळात तडाखेबंद खपली. जानेवारीत अमेरिकन कलावंतांनी त्याच धर्तीवर आपले गाणे केले. मग गेल्डॉफने एकाच दिवशी दोन खंडांत कॉन्सर्ट भरवायचे मनावर घेतले: लंडनला वेम्बली, फिलाडेल्फियाला जेएफके स्टेडियम. संकटग्रस्तांसाठी रॉक कलावंतांनी एकत्र येण्याची वाट १९७१ सालीच पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी न्यूयॉर्कला केलेल्या कॉन्सर्टने दाखवली होती. गेल्डॉफची कल्पना त्याच वाटेवरची होती, पण तिचा पसारा कितीतरी मोठा होता.

तिकीट होते २५ पौंडांचे. त्यांतले ५ पौंड तिकिटाचे आणि २० देणगीचे. दुपारी १२ ला युवराज चार्ल्स आणि डायना आसनस्थ झाले, राजदळाच्या वादकांनी सलामी दिली आणि ‘स्टेटस क्वो’ने सुरुवात केली. पुढचे दहा तास वीसेक कलावंत एकामागोमाग येणार होते, आणि वेळ चुकवून चालणार नव्हते, कारण उपग्रहाचे वेळापत्रक माणसासाठी थांबत नाही. त्यासाठी ‘तो मी नव्हेच’मुळे मराठी प्रेक्षकाला चांगला परिचित असलेला उपाय योजला होता, तो म्हणजे फिरता रंगमंच. त्याचे तीन भाग होते. एका भागावर एक बँड वाजवत असे, मागे दुसऱ्याची वाद्ये जोडली जात आणि तिसऱ्यावरून आधीच्या बँडचे सामान उतरवले जाई. कलावंतांसाठी रस्त्यावरच्या सिग्नलसारखे दिवे बसवले होते. हिरवा असेपर्यंत वाजवा, पिवळा लागला की आवरते घ्या, लाल लागला की थांबा. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे वीस मिनिटे आली होती. साउंड-चेकला वेळ नव्हता. प्रकाशयोजनेचा तर प्रश्नच नव्हता, कारण जुलैत लंडनचा सूर्य रात्री नवानंतर मावळतो.

दिवसाउजेड ही वरवर किरकोळ वाटणारी बाब फार महत्त्वाची ठरली. रात्रीच्या कॉन्सर्टमध्ये उजेड असतो फक्त स्टेजवर. प्रेक्षक अंधारात असतो, शेजारी कोण आहे हे त्याला दिसत नाही आणि गायकालाही पहिल्या चार ओळींपलीकडे काही दिसत नाही. फुटबॉलचे तसे नसते. दुपारच्या सामन्याला प्रेक्षक समोरच्या पायऱ्यांवरचे हजारो चेहरे पाहत असतो आणि म्हणूनच एका टोकाला उठलेले गाणे दुसऱ्या टोकाला पोचते. लाइव्ह एड बराच काळ सामन्यासारखी उन्हात चालली. गर्दीला गर्दी दिसत होती. एल्व्हिस कॉस्टेलो नुसती गिटार घेऊन एकटाच आला. उत्तर इंग्लंडचे एक जुने लोकगीत म्हणायला मदत करा, असे मिश्कीलपणे म्हणत त्याने बीटल्सचे गाणे सुरू केले आणि मैदानाने ते उचलून धरले. बँडची गरजच पडली नाही. दुसऱ्या कुठल्याही स्टेजवर बिचारा वाटला असता असा हा एकटा माणूस तिथे शोभून गेला, कारण साथीला हजारो लोक होते आणि ते एकमेकांना दिसत होते.

संध्याकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी ‘क्वीन’ स्टेजवर आला. या बँडचे दिवस तेव्हा फारसे बरे नव्हते. आदल्या ऑक्टोबरात वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या छायेतल्या सन सिटीत कार्यक्रम केल्याबद्दल त्याच्यावर सडकून टीका झाली होती. गायक फ्रेडी मर्क्युरी हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, मूळचा फारूख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि तिथेच त्याने आपला पहिला बँड जमवला. वीस मिनिटे म्हणजे किती, हे क्वीनने इतर कुणाहीपेक्षा नीट ओळखले होते. लंडनमधले एक नाट्यगृह घेऊन त्यांनी तालमी केल्या, नवे काही ऐकवायचा मोह टाळला आणि लोकांच्या ओठांवर असलेल्या गाण्यांचे तुकडे जोडून एक सलग डाव रचला. ‘रेडिओ गागा’च्या धृपदाला दोन टाळ्या येतात. त्या क्षणी हिरवळीपासून वरच्या पायऱ्यांपर्यंत सगळे हात एकदम डोक्यावर गेले, मिटले, उघडले, पुन्हा मिटले. चित्रफितीत ते वाऱ्याने हललेल्या शेतासारखे दिसते. आत उभे असलेल्यांच्या आठवणीत मात्र मागे वळून पाहिल्याचा क्षण येतो: आपण टाळी वाजवली आणि पाहिले, तर शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी वाजवली होती. त्यानंतर फ्रेडीने शब्दांशिवाय नुसती हाळी दिली, गर्दीने ती परत केली. त्याने ती लांबवली, वाकवली, वर नेली आणि गर्दी प्रत्येक वळणावर मागे आली.

हे फ्रेडीचे असामान्य कसब होते, त्यात गर्दीचे कसले श्रेय, असे कुणी म्हणेल. कसब होतेच. पण ते ज्या जमिनीत रुजले ती जमीन पाहिली पाहिजे. १९७७ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या बिंगली हॉलमधला कार्यक्रम संपवून क्वीन आत गेला, तेव्हा प्रेक्षकांनी बँडला उद्देशून लिव्हरपूलचे ते फुटबॉलगीत गायला सुरुवात केली आणि ते थांबेनात. गिटारवादक ब्रायन मे याने ही हकिगत अनेकदा सांगितली आहे. त्या रात्री बँडला उमगले की हे लोक ऐकायला आलेले नाहीत, त्यांना भाग घ्यायचा आहे. मग खच्चून भरलेल्या गर्दीत उभ्या माणसाला काय करता येईल, असा प्रश्न मेने स्वतःला विचारला. पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. यातून ‘वी विल रॉक यू’चा ठेका जन्मला: दोन वेळा पाय, एक टाळी. त्याच्या जोडीला फ्रेडीचे ‘वी आर द चॅम्पियन्स’ आले. लाइव्ह एडच्या डावाचा शेवट याच दोन गाण्यांनी झाला. फुटबॉलच्या पायऱ्यांवरून उचललेली रीत आठ वर्षांनी फुटबॉलच्याच मैदानावर, तिच्या मूळ मालकांच्या हाती परत आली. ७२,००० लोकांना काही शिकवावे लागले नाही, कारण शिकवणी आधीच झालेली होती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हजारो हात एका तालात वर जातात तेव्हा अंगावर रोमांच येतात तसा काटाही यावा. विसाव्या शतकाने असे हात भलत्या कारणांसाठीही वर जाताना पाहिले आहेत. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या समीक्षकाने १९७९ मध्येच क्वीनवर फॅसिस्ट वृत्तीचा आरोप केला होता, तो ‘वी विल रॉक यू’ला उद्देशून. ‘रेडिओ गागा’च्या चित्रफितीतली टाळ्या वाजवणारी माणसे फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मधल्या गुलाम कामगारांवरून घेतलेली आहेत, हेही खरे. पण तालात असणे आणि हुकमतीत असणे यांत फरक आहे आणि तो त्याच दिवशी तपासला गेला. ‘यू-टू’चा गायक बोनो ‘बॅड’ हे गाणे गाता गाता स्टेजवरून खाली उतरला, सुरक्षारक्षकांना हातवारे करून गर्दीतल्या एका मुलीला कठड्यावरून अलीकडे घ्यायला लावले आणि स्टेजपुढच्या मोकळ्या पट्टीत तिच्याबरोबर नाचला. बँडला तो दिसेना. ते बिचारे तेच सूर फिरवत राहिले आणि सर्वांत गाजलेले गाणे वाजवायला वेळच उरला नाही. आपण संधी घालवली असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात त्या प्रसंगाने त्यांना जगभर नेले. त्या मुलीने पुढे अनेक वर्षांनी जे सांगितले ते अधिक मोलाचे आहे: पुढच्या रांगेत ती चेंगरत होती, श्वास घ्यायला जागा नव्हती.

म्हणजे लाइव्ह एडची गर्दी काही देवदूतांची नव्हती. हेसेलमध्ये होता तसा शरीरांचा रेटा तिथेही होता. वेगळी होती ती मांडणी. पुढे मोकळी पट्टी होती आणि कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसांचे काम केवळ गर्दीला रोखायचे नव्हते, गुदमरणाऱ्याला उचलून घ्यायचेही होते. उन्हाने कासावीस झालेल्या पुढच्या रांगांवर पाणी मारले जात होते. या प्रेक्षकांत स्त्रिया होत्या, २५ पौंड परवडणारी माणसे होती, दोन वैरी संघांचे पाठीराखे नव्हते; तेव्हा फुटबॉलच्या गर्दीशी त्यांची तुलना करणे अन्यायाचे, असा तिसरा आक्षेप घेता येतो आणि त्यात तथ्य आहे. वैर नसले की हिंसा कमी होते, हे उघडच आहे. पण चेंगराचेंगरीला वैर लागत नाही. ब्रॅडफर्डला वैर नव्हते, आग होती आणि कुलपे होती. गर्दीचे भले-बुरे तिच्या स्वभावावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते दार उघडे आहे की बंद यावर असते.

गर्दीवर विश्वास टाकला की काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण रात्री दहाच्या आसपास घडले. पॉल मॅकार्टनी पियानोवर बसला. त्याने बऱ्याच वर्षांत जाहीर कार्यक्रम केलेला नव्हता. ‘लेट इट बी’चे सुरुवातीचे सूर वाजले, त्याचे ओठ हलू लागले, पण मायक्रोफोन मुका होता. सुमारे दोन मिनिटे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गायकांपैकी एकाचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. गाणे मात्र थांबले नाही, कारण ते मैदानाने म्हटले. गेल्डॉफ, डेव्हिड बोवी, पीट टाउनशेंड आणि अ‍ॅलिसन मॉयेट हे गायक साथीला पुढे आले, मग माइकही जागा झाला. नंतर मॅकार्टनीने स्टुडिओत जाऊन ती मुकी जागा स्वतःच्या आवाजाने भरून काढली. कलावंत म्हणून त्याला तसे वाटणे स्वाभाविकच. पण त्या दुरुस्तीने नेमकी तीच दोन मिनिटे झाकली, ज्यांत गर्दीने कार्यक्रम सावरला होता. जिथे ध्वनिमुद्रण दुरुस्त झाले, तिथे हजर असलेल्यांची आठवण हाच मूळ दस्तऐवज ठरतो.

आठवणींवर इतका भार टाकावा का, हा यापुढचा प्रश्न. आठवण फसवी असते आणि लाइव्ह एडच्या बाबतीत तर ती विशेषच फसवी आहे. गेल्डॉफने दूरदर्शनवर शिवी हासडून लोकांना पैसे द्या म्हणून दरडावले, असे ब्रिटनमधली अर्धी पिढी शपथेवर सांगेल. चित्रफीत पाहिली तर ते वाक्य तिथे नाही. निवेदक देणगी पाठवायचा टपालाचा पत्ता सांगू पाहत होता, तेव्हा गेल्डॉफने तो पत्ता शिवी देऊन उडवून लावला आणि फोन क्रमांक दाखवायला सांगितले. शिवी खरी, वाक्य लोकांनी रचलेले. शिवाय कार्यक्रम एकदाच होईल या भावनेने भरवल्यामुळे अधिकृत डीव्हीडी यायला २००४ साल उजाडले. तोवर १९ वर्षे ही आठवण घरगुती कॅसेटवर आणि तोंडातोंडी वाढली. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ चित्रपटाने तिच्यावर आणखी एक थर चढवला. त्यात फ्रेडीला एड्सचे निदान कॉन्सर्टआधीच झालेले आणि बँड फुटून पुन्हा जुळलेला दाखवला आहे. वास्तवात त्याच्या आजाराचे निदान नंतरचे आणि क्वीन त्याच मे महिन्यात जपानचा दौरा करून आलेला. आज सांगितली जाणारी एखादी आठवण वेम्बलीतली आहे की चित्रपटगृहातली, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसेल.

तरी यातून आठवणी बाद ठरत नाहीत, त्या चाळून घ्याव्या लागतात, इतकेच. चित्रपटाने आणि डीव्हीडीने जे दाखवले त्याची आठवण संशयास्पद मानावी. त्यांनी जे दाखवले नाही, किंवा दाखवण्यासारखे मानले नाही, त्याची आठवण अधिक भरवशाची. ऊन, तहान, अंगावर आलेले पाणी, शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकलेले डोके, आणि डेव्हिड बोवीने आपले एक गाणे सोडून पडद्यावर इथियोपियातल्या मुलांची चित्रफीत लावल्यावर मैदानभर पसरलेली शांतता. कॅमेरा स्टेजकडे पाहत होता, माणसे एकमेकांकडे. गेल्डॉफचे न उच्चारलेले वाक्यदेखील एका अर्थाने हाच पुरावा देते. ते प्रामुख्याने घरी बसून पाहणाऱ्यांनी रचलेले आहे. पडद्यासमोरच्या माणसाला एकटा गेल्डॉफ आठवतो, मैदानातल्या माणसाला मैदान आठवते.

सर्वांत गंभीर आक्षेप या सगळ्या सुखद आठवणींवरच आहे. माणसे उपाशी मरत होती इथियोपियात आणि आपण गाण्यांच्या गोष्टी सांगतो आहोत. त्या दिवसाने आणि त्यापुढच्या प्रयत्नांनी १० कोटी डॉलरहून अधिक निधी उभा केला आणि त्यातून अन्न, औषधे, ट्रक पोचले. पण दुष्काळ नुसता पावसाअभावी पडला नव्हता. मेंगिस्तू यांच्या लष्करी राजवटीने उत्तरेतल्या बंडखोर प्रदेशांत युद्ध मांडले होते आणि भूक हे त्या युद्धाचे हत्यारही होते. मदतीच्या आडोशाने राजवटीने लोकांना बळजबरीने दक्षिणेत हलवले. त्याविरुद्ध बोलणाऱ्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या फ्रेंच शाखेची १९८५ च्या अखेरीस देशातून हकालपट्टी झाली. वेम्बलीच्या स्टेजवर आफ्रिकेतला एकही बँड नव्हता. ही सारी टीका रास्त आहे आणि गर्दीच्या एकजुटीने ती पुसली जात नाही. गर्दी सदिच्छेने जमते, राजकारण समजून घेत नाही. वेम्बलीतल्या माणसाला दुष्काळ हे निसर्गाचे संकट म्हणून दाखवले गेले आणि त्याने ते तसेच मानले. म्हणून लाइव्ह एडच्या आठवणी इथियोपियाचा इतिहास सांगू शकत नाहीत. त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवणेच चूक. त्या ब्रिटनविषयी सांगतात, आणि त्यातही एका ठरावीक उन्हाळ्याविषयी.

गर्दीवर विश्वास टाकण्याचा तो धडा ब्रिटनने घेतला नाही, हीच या कहाणीची शोकांतिका. लाइव्ह एडकडे संगीताचा आणि दानाचा चमत्कार म्हणून पाहिले गेले, गर्दीच्या मांडणीचा प्रयोग म्हणून कुणी पाहिले नाही. फुटबॉलची कुंपणे जिथल्या तिथे राहिली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपच्या उपांत्य सामन्यात लिव्हरपूलचे प्रेक्षक कुंपणांनी बंदिस्त केलेल्या कप्प्यांत लोटले गेले. पुढे लोखंडी जाळी, तिच्यात लहानशी दारे, आणि जीव वाचवायला जाळी चढणारी माणसे पोलिसांना सुरुवातीला मैदानात घुसणारे दंगेखोर वाटली. ९७ जीव गेले. त्यानंतरच न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीचा अहवाल आला, जाळ्या उतरल्या आणि मोठ्या मैदानांवर उभ्याने पाहायच्या पायऱ्या जाऊन खुर्च्या आल्या. मृतांच्या नातेवाइकांना प्रेक्षकांवरचा ठपका पुसून घ्यायला मात्र २०१६ च्या न्यायनिवाड्यापर्यंत झगडावे लागले. जमाव दोषीच असणार, ही १९८५ मधली समजूत इतकी चिवट होती.

ते वेम्बली आता उभे नाही. जुळे पांढरे मनोरे २००३ मध्ये पाडले गेले आणि २००७ मध्ये त्याच जागी नवे स्टेडियम उघडले. तिथे आज हिरवळीभोवती जाळी नाही आणि सामन्याच्या दिवशी पहिल्या रांगेतला प्रेक्षक खेळाडूपासून काही पावलांवर बसतो. ही सवलत १३ जुलैच्या कॉन्सर्टमुळे मिळाली नाही, ती हिल्सबरोच्या मृतांमुळे मिळाली. पण जाळी काढली तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर चार वर्षे आधीच उपलब्ध होते. एका उन्हाळी शनिवारी ७२,००० माणसांनी वेम्बलीत दहा तास ते देऊन दाखवले होते. ज्यांनी ते विचारात घ्यायला हवे होते, त्यांनी ते गाणे म्हणून ऐकले आणि सोडून दिले.